स्फूर्तीच्या आधीचे : काव्यहेतुविचारातील ‘अभ्यास’ आणि तुकारामांचे आत्मकथन

तुकारामांच्या कवित्वाची हकीकत मराठीत बहुधा स्वप्नापासून सुरू होते. नामदेव पांडुरंगासह स्वप्नात आले, त्यांनी कवित्व करण्याची आज्ञा केली आणि देहूचा दिवाळे निघालेला वाणी कवी झाला, ही मांडणी महिपतींच्या संतचरित्रांपासून विद्यापीठांतील व्याख्यानांपर्यंत रुळलेली आहे. आधुनिक समीक्षेला स्वप्नाचा आधार अपुरा वाटला, तेव्हा तिने त्याच्या जागी दुष्काळ ठेवला. इ. स. १६३०-३१ च्या दुष्काळाने व्यापार बुडवला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि या आघातांनी तुकारामांमधला कवी जागा झाला, असे आता सांगितले जाते. दैवी प्रसाद आणि लौकिक आघात ही दोन कारणे परस्परविरोधी वाटतात. श्रद्धाळू वाचक पहिले स्वीकारतो, इहवादी वाचक दुसरे. परंतु त्यांच्यात एक साम्य आहे. दोन्ही कारणे कवीकडे बाहेरून, अकस्मात आणि एकदाच येतात. कवीने स्वतः वर्षानुवर्षे रोज काय केले, हा प्रश्न दोन्ही मांडण्यांत उद्भवतच नाही.

भारतीय काव्यशास्त्राने हा प्रश्न ‘अभ्यास’ या नावाने विचारलेला आहे. मराठीत या शब्दाचा अर्थ पुष्कळच आक्रसला. अभ्यास म्हणजे पुस्तक वाचणे, परीक्षेची तयारी करणे, फार तर संशोधन करणे, एवढाच अर्थ आज उरला आहे. संस्कृतातील मूळ अर्थ आवृत्तीचा, तेच पुन्हापुन्हा करण्याचा आहे. धातूचे द्वित्व होते तेव्हा त्यातील पहिल्या भागाला पाणिनीय व्याकरणात ‘अभ्यास’ हीच संज्ञा आहे. हा आवृत्तीचा अर्थ मराठीने टाकून दिला असे मात्र नाही. तो गवयाच्या रियाजात, पहिलवानाच्या मेहनतीत, वारकऱ्याच्या पाठात विखुरला. कवीच्या वाट्याला यांपैकी एकही शब्द आला नाही. मराठी कवी रियाज करतो असे कोणी म्हणत नाही, त्याला ‘सुचते’.

काव्यहेतूंच्या चर्चेचा सामान्य आराखडा अभ्यासकांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याचा केवळ निर्देश पुरे. मंदबुद्धीलाही गुरूच्या उपदेशाने शास्त्र शिकता येईल, काव्य मात्र एखाद्या प्रतिभावंतालाच आणि तेही क्वचित साधते, असे भामहाचे मत. दंडीने नैसर्गिक प्रतिभा, निर्मळ व विपुल श्रुत आणि अमंद अभियोग ही तिन्ही काव्यसंपदेची कारणे मानली, आणि प्रतिभा नसली तरी श्रुताने व यत्नाने उपासना केलेली वाणी काही ना काही अनुग्रह करतेच, अशी पुस्तीही जोडली. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास यांचा एकत्रित निर्देश करून हे तीन हेतू नसून मिळून एकच हेतू आहे, असे एकवचनाने सुचवले. मराठी पाठ्यपुस्तकांनी या चर्चेचे रूपांतर गुणानुक्रमात केले. प्रतिभा पहिली, व्युत्पत्ती दुसरी आणि अभ्यास तिसरा, म्हणजे ज्यांना वरचे दोन क्रमांक लाभले नाहीत त्यांच्यासाठी ठेवलेले उत्तेजनार्थ बक्षीस. मम्मटाच्या एकवचनाचे मर्म यात हरवते.

या गुणानुक्रमाला छेद देणारी दोन मते विशेष विचारात घ्यावी लागतात. पहिले राजशेखराचे. इ. स. ९०० च्या सुमाराचा हा लेखक यायावर कुळातला; त्याचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्रचूडामणी म्हणवला जाई. ‘काव्यमीमांसे’त राजशेखर शक्तीलाच काव्याचा खरा हेतू मानतो, पण समाधी हा आंतरिक प्रयत्न आणि अभ्यास हा बाह्य प्रयत्न, असे दोन प्रयत्न मिळून त्या शक्तीला उजळतात, असे तो सांगतो. कारयित्री प्रतिभेचे तीन प्रकार करताना ‘सहजा’ ही पूर्वजन्मीच्या संस्कारावर, ‘आहार्या’ ही याच जन्मीच्या संस्कारावर आणि ‘औपदेशिकी’ ही मंत्रतंत्रादी उपदेशावर तो आधारतो. यातील ‘आहार्या’ हा प्रकार महत्त्वाचा. याच जन्मी, स्वतःच्या प्रयत्नाने मिळवलेल्या गोष्टीलाही येथे ‘प्रतिभा’ म्हटले आहे. तिला प्रतिभेचा पर्याय किंवा दुय्यम अनुकरण म्हटलेले नाही.

राजशेखराने कवीची दिनचर्याही प्रहरांनुसार आखून दिली आहे. सकाळी विद्यांचे परिशीलन, मग रचना, भोजनोत्तर काव्यगोष्ठी आणि चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेचे परीक्षण. हे वेळापत्रक वाचून आधुनिक वाचकाला हसू येते, आणि दरबारी कवीच्या निश्चिंत आयुष्याचा वास त्याला आहेही. परंतु चौथ्या प्रहराचे जे कारण राजशेखर देतो ते दुर्लक्षिण्यासारखे नाही. रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची विवेक करणारी दृष्टी त्या वेळी उघडी नसते, म्हणून नंतर परीक्षण करावे, असे तो म्हणतो. आवेशाचा क्षण आणि विवेकाचा प्रहर वेगवेगळे आहेत. क्षणात विवेक करता येत नसेल, तर क्षणाच्या आधी रोज केलेला विवेकच त्या क्षणी उपयोगी पडणार, हे त्याच्या दिनचर्येतून ओघानेच निघते.

दुसरे मत सतराव्या शतकातील जगन्नाथाचे. ‘रसगंगाधरा’त तो काव्याचा हेतू केवळ प्रतिभा असे ठामपणे सांगतो. त्यामुळे त्याची गणना अभ्यासाच्या विरोधकांत होते. पण लगेच तो पुढचा प्रश्न विचारतो : प्रतिभेचा हेतू कोणता? त्याचे उत्तर दुहेरी आहे. कधी देवतेच्या किंवा महापुरुषाच्या प्रसादातून येणारे अदृष्ट, तर कधी विलक्षण व्युत्पत्ती आणि काव्य करण्याचा अभ्यास. अदृष्टालाच सर्वत्र कारण मानू म्हटले तर काय अडते, याचाही तो विचार करतो. काही काळ ज्याला काव्य करता येत नव्हते, त्याच्या ठिकाणी पुढे व्युत्पत्ती आणि अभ्यास झाल्यावर प्रतिभेचा उदय झालेला दिसतो. मग अदृष्ट आधीपासूनच होते म्हणावे, तर आधी काव्य का झाले नाही? युक्तिवाद तर्ककर्कश आहे, पण त्याच्या केंद्रस्थानी एक साधा माणूस उभा आहे : ज्याला काल कविता करता येत नव्हती आणि आज येते. जगन्नाथ आणि तुकाराम एकाच शतकातले. एक मोगल दरबारात, दुसरा इंद्रायणीकाठी. एकमेकांचे नाव त्यांनी ऐकले असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तरीही जगन्नाथाने वर्णिलेला माणूस तुकारामांच्या आत्मकथनात भेटतो.

हे आत्मकथन म्हणजे जातीचा आणि व्यवसायाचा उल्लेख करून सुरू होणारा सुप्रसिद्ध अभंग. गाथेतील अभंगांचा कालक्रम लावता येत नाही, त्यामुळे कवीच्या विकासाविषयीचे पुष्कळसे युक्तिवाद वाळूवर उभे राहतात. येथे मात्र खुद्द कवीने क्रम लावून दिला आहे, आणि तो क्रम हाच या अभंगाचा आशय आहे. संतांनी प्रश्न केला. खरे तर बोलू नये, पण वचन पाळले, अशी प्रस्तावना ध्रुपदातच आहे. त्यानंतर घटना एकामागून एक येतात. आईबाप निवर्तले. दुष्काळाने द्रव्य आटवले आणि मान नेला. एक पत्नी अन्नासाठी टाहो फोडत मेली. जिवाला लाज वाटली, व्यवसायात तूट येऊ लागली. देऊळ भंगले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. आरंभी एकादशीला कीर्तन करू लागले; त्यापूर्वी चित्त अभ्यासात नव्हते. संतांची काही वचने विश्वासाने व आदराने पाठ केली. पुढे गाणारे गात, त्यांच्या मागे ध्रुपद धरले. संतांचे चरणतीर्थ सेवले, लाज मनात येऊ दिली नाही. शरीर कष्टवून जमेल तो उपकार केला. सुहृदांचे ऐकले नाही, बहुमत मानले नाही, सत्यासत्याला मन साक्षी ठेवले. स्वप्नात गुरूचा उपदेश मानला. त्यानंतर कवित्वाची स्फूर्ती झाली. मग निषेधाचा आघात झाला, वह्या बुडवल्या, धरणे धरून बसले, आणि नारायणाने समाधान केले.

या क्रमात आघात दोन आहेत, एक नव्हे. पहिला दुष्काळाचा, दुसरा वह्या बुडण्याचा. दोन्हींत सर्वस्व जाते : पहिल्यात द्रव्य व माणूस, दुसऱ्यात शब्द. समीक्षेने दोघांना एकाच दुःखमय जीवनाची उदाहरणे म्हणून एकत्र ठेवले, त्यामुळे त्यांच्यातील फरक नजरेआड झाला. पहिल्या आघातापुढे या अभंगातील माणूस अवाक् आहे. त्याच्याजवळ लाज आहे, त्रास आहे, भाषा नाही. दुष्काळाविषयी तुकाराम अन्यत्र बोलतात तेही मागे वळून बोलतात. दिवाळे निघाले हे बरेच झाले, दुष्काळाने पीडा केली हेही बरे, अशी जी प्रसिद्ध भूमिका आहे, ती दुष्काळातल्या माणसाची असूच शकत नाही. दुष्काळ अर्थपूर्ण करण्याइतकी भाषा मिळवलेल्याची ती आहे. दुसऱ्या आघाताच्या वेळी चित्र पालटते. देवाच्या दारी धरणे धरून बसलेला कवी बोलतो, भांडतो, दिवस मोजतो, देवाला बोल लावतो. आणि वह्या परत आल्या तेव्हा आपण देवाचा अंत पाहिला म्हणून तितक्याच उत्कटतेने पश्चात्ताप करतो. धरण्याच्या प्रसंगाचे म्हणून गाथेत जे अभंग एकत्र येतात, त्यांतील आर्जव, हट्ट, उपरोध आणि शरणागती यांच्यामधली ये-जा पाहिली, तर आणीबाणीच्या वेळी या कवीजवळ शब्दांची वाण पडली नव्हती हे उघड होते. ज्या प्रसंगात त्याचे शब्दच पाण्यात गेले होते, त्याच प्रसंगात शब्द त्याला सर्वाधिक वश आहेत.

दोन आघातांमध्ये आत्मकथनाने काय ठेवले आहे? पाठ, ध्रुपद, सेवा, कष्ट. वामनाने ‘काव्यालंकारसूत्रां’त काव्याच्या अंगांची जी यादी दिली तिच्यातील ‘प्रकीर्ण’ या गटात लक्ष्यज्ञत्व म्हणजे पूर्वकाव्यांचा परिचय, अभियोग म्हणजे रचनेचा उद्योग, वृद्धसेवा म्हणजे जाणत्यांची शुश्रूषा, अवेक्षण म्हणजे शब्द ठेवून पाहणे व काढून पाहणे, प्रतिभान आणि अवधान यांचा समावेश होतो. तुकारामांनी वामन वाचला होता असे सुचवण्याचे कारण नाही. परंतु संतवचनांचा पाठ हे लक्ष्यज्ञत्व, चरणतीर्थ ही वृद्धसेवा आणि ध्रुपद धरणे हा अभियोग, असा मेळ बसतो, तो योगायोगाने नव्हे. संस्कृत पंडिताची पाठशाळा आणि वारकऱ्याचे भजन या वेगळ्या सामाजिक जगांतल्या संस्था. पण दोन्ही ठिकाणी भाषा अंगी मुरवण्याची रीत आवृत्तीचीच आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की वारकरी संप्रदायाने ही रीत पाठशाळेचे दार ज्यांना बंद होते त्यांच्या हाती दिली.

यांतील ध्रुपद धरण्याविषयी अधिक सांगावयास हवे. भजनात वा कीर्तनात पुढचा गाणारा चरण म्हणतो आणि मागे उभे असलेले टाळकरी ध्रुपद उचलतात. चरण बदलत जातात, ध्रुपद तेच राहते. टाळकऱ्याला नवे काही म्हणावयाचे नसते; पण प्रत्येक नवा चरण कोठे संपतो, यमक कोठे पडते, त्याचा स्वर कोठे टेकतो, हे त्याला क्षणोक्षणी ओळखावे लागते, कारण नेमक्या त्या जागी त्याला उचल घ्यावयाची असते. मोठ्या अभंगाच्या चौकात सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा, दुसऱ्या-तिसऱ्यात यमक. ही बांधणी कोणी फळ्यावर लिहून शिकवत नाही. चौथा आखूड चरण आला की श्वास कोठे सोडावयाचा, हे छाती शिकते. अशा माणसाला पुढे बोलण्याची वेळ आली, तर छंद शोधावा लागत नाही. आत्मकथनाचा अभंग याच मोठ्या छंदात आहे आणि त्याचे ध्रुपद, संतांचे वचन पाळले म्हणून बोलतो, हे आहे. एके काळी दुसऱ्याचे ध्रुपद धरणारा येथे स्वतःचे ध्रुपद देतो, आणि त्या ध्रुपदात आज्ञापालनाचीच गोष्ट सांगतो.

आता स्वप्नाकडे वळता येईल. आत्मकथनातील स्वप्न गुरूपदेशाचे आहे. नामदेवांचे स्वप्न वेगळ्या अभंगात येते. तो अभंग स्फूर्तिवादाचा आधारस्तंभ मानला जातो, पण त्याचा तपशील स्फूर्तिवादाला फारसा अनुकूल नाही. नामदेव थापटून जागे करतात आणि ‘काम’ सांगतात. कवित्व करावे, उगाच निमित्ते सांगू नयेत. विठ्ठल मापाशी उभा आहे. शतकोटीची संख्या ठरलेली आहे आणि तीतले जे उरले ते तुकारामांनी पुरे करावयाचे आहे. म्हणजे देणगी मिळत नाही, थकबाकी अंगावर येते. एका कवीचे अपुरे राहिलेले काम दुसऱ्याकडे सोपवले जाते, आणि तेही धान्य मोजणाऱ्या वाण्याला कळेल अशा मापाच्या भाषेत. स्वप्नाने तुकारामांना उद्योगातून सोडवले नाही, उलट त्यात घातले, असे म्हणणेच संहितेला धरून होईल.

येथे एक आक्षेप उभा राहतो आणि तो गंभीर आहे. आत्मकथनाच्या अखेरीस तुकाराम आपले सर्व भांडवल पांडुरंगाने बोलविलेले बोल हेच आहे, असे सांगतात. बोलविता धनी वेगळाच, ही भावना गाथेत ठिकठिकाणी आहे. कवी स्वतः कर्तृत्व नाकारत असताना समीक्षकाने अभ्यासाचे श्रेय त्याच्या पदरी बांधणे, ही त्याच्या श्रद्धेची उपेक्षा ठरणार नाही काय? श्रद्धेचे भाषांतर मानसशास्त्रात करून मोकळे होणे हा सोपा मार्ग आहे आणि तो टाळावयास हवा. आनंदवर्धनाचे एक सूक्ष्म निरीक्षण येथे अधिक उपयोगी पडते. रसाविष्ट कवीच्या रचनेत येणारा अलंकार ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ असतो, म्हणजे त्यासाठी वेगळा यत्न करावा लागत नाही. एरवी दुर्घट वाटणारे अलंकार प्रतिभावान कवीपुढे, आधी मी आधी मी असे म्हणत, स्वतःहून धावत येतात. यासाठी त्याने दिलेल्या दोन उदाहरणांपैकी एक ‘सेतुबंधा’तील आहे : रामाचे मायावी शिर पाहून विव्हळ झालेली सीता. वाकाटक प्रवरसेनाचे हे काव्य माहाराष्ट्री प्राकृतातले. प्रसंग पराकोटीच्या संकटाचा आहे आणि नेमका तेथेच अलंकारांना ‘वेगळा यत्न’ नको, असे ध्वनिकार म्हणतो. मात्र यत्नच नको, असे तो म्हणत नाही. वेगळा यत्न नको, कारण तो आधीच होऊन गेलेला आहे. संकटाच्या क्षणी करावयाचा म्हणून तो शिल्लक राहिलेला नाही.

असा क्षण अनुभवणाऱ्याला शब्द आपण योजले असे वाटणार नाही. ते आले, कोणी आणवले, असेच वाटेल. त्याला ईश्वराची प्रेरणा म्हणणे हे तुकारामांच्या बाजूने अनुभवाचे नेमके वर्णन आहे, आणि आत्मकथनात ते पाठ-ध्रुपद-कष्ट यांच्या नोंदीशेजारीच निःशंकपणे नांदते. विरोध त्यांना जाणवला नाही. तो त्यांच्या वाचकांनी निर्माण केला. ‘भांडवल’ हा शब्दही सहज आलेला नाही. अभंगाच्या आरंभी दुष्काळात आटलेले ते द्रव्य, अखेरीस मोजले जाणारे ते भांडवल. मधल्या काळात ते कसे साठले याचा हिशेब कवीने दिलेला आहे.

अभ्यासाची महती गाताना अतिरेक होण्याचाही संभव असतो. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात अभ्यासाला दुष्कर काही नाही, असे सांगताना विष पचवणाऱ्यांपासून वाग्ब्रह्मालाही थोडके करणाऱ्यांपर्यंत दाखले येतात. समीक्षेला एवढ्या उंचीवरून बोलता येत नाही. तिच्यासमोर मोरोपंत आहेत. १७२९ ते १७९४ या आयुष्यात त्यांनी आर्या घोटवली, एकशे आठ रामायणे विविध बंधनांत रचली. ओष्ठ्य वर्ण वर्ज्य करणारे निरोष्ठ रामायणही त्यांत आहे. मराठीत एवढा रियाज दुसऱ्या कवीच्या नावावर क्वचितच असेल. तरीही या संभारातील बराचसा भाग रियाजच राहतो. जेथे पणाला लागलेले काही नाही, तेथे अभ्यास स्वतःचीच परीक्षा घेत बसतो. ‘केकावली’त मात्र तीच यमके, तीच संस्कृतप्रचुर वाक्यरचना ईश्वराला आळवण्याच्या गरजेला जुंपली जाते, आणि पृथ्वीसारख्या लांब वृत्ताचा श्वास याचनेचा श्वास होतो. मोरोपंतांना केवळ यमक्या म्हणून निकालात काढणाऱ्यांनी ‘केकावली’ची यमके कोठून आली, हे सांगावयास हवे. मम्मटाचे एकवचन येथे पुन्हा आठवते.

हा प्रश्न केवळ प्राचीन काव्यापुरता नाही. १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह बहिणाबाई चौधरींची कविता प्रसिद्ध झाली, तेव्हा निरक्षर शेतकरी स्त्रीने हे कसे रचले, या आश्चर्यानेच तिचे स्वागत झाले. आश्चर्य समजण्यासारखे होते. पण ते ओसरल्यावरही समीक्षा ‘उपजत’, ‘नैसर्गिक’, ‘भुईतून उगवलेली’ या विशेषणांपलीकडे फारशी गेली नाही. सरस्वतीच आपल्याला शिकवते, या बहिणाबाईंच्या उद्गाराने तर अधिक शोधाची गरजच संपवली. वस्तुतः जात्यावर बसणाऱ्या बाईइतका दीर्घ आणि नेमाचा काव्याभ्यास कोणत्या लेखनिकाने केला असेल? पहाटेपूर्वी दळण, दळणाबरोबर ओवी, ऐकलेली ओवी, तीत एक शब्द बदललेली ओवी, शेजारणीच्या ओवीला दिलेले उत्तर. हे लहानपणापासून, वर्षाचे बहुतेक दिवस. राजशेखराच्या कवीला चार प्रहर मिळत. हिला एकच मिळे, पण तो चुकत नसे. पुढे तिशीच्या सुमारास वैधव्य आले. कुंकवाखाली झाकलेली कर्माची रेघ कुंकू पुसल्यावर उघडी पडली, ही त्या कवितेतील प्रतिमा वैधव्याच्या दुःखातून आली, असे म्हणणे अर्धवट आहे. त्या काळी खानदेशात विधवा झालेल्या स्त्रिया असंख्य होत्या. दुःख सर्वांचे होते. आठ-आठ अक्षरांच्या चार चरणांत एक दृश्य मांडून तेथेच थांबण्याची सवय थोड्यांची, आणि त्या सवयीला अशी दृष्टी लाभलेली एखादीच. निरक्षर या शब्दाने फक्त लिपीचा अभाव सांगितला जातो. तो अभ्यासाचा अभाव म्हणून वाचला गेला, ही समीक्षेची चूक.

हीच चूक साठोत्तरी काळात दलित साहित्याच्या वाचनात अधिक मोठ्या प्रमाणावर झाली. ‘भोगले ते लिहिले’ हे सूत्र सहानुभूतीच्या पोटी आले आणि मोठा अन्याय करून गेले. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) मधील कथा किंवा नामदेव ढसाळांची ‘गोलपिठा’ (१९७२) मधील कविता अनुभवाच्या दाहकतेसाठी वाखाणली गेली. त्या दाहकतेला आकार देणारे भाषेवरील काम चर्चेच्या परिघावर राहिले. गोलपिठ्याचा अनुभव त्या वस्तीतील हजारोंचा होता. बाजारातली बोली, गावाकडली बोली, पोथीचा आणि घोषणेचा स्वर एकाच कवितेत आणून त्यांची टक्कर घडवणे हे अनुभवाने आपोआप होत नाही. प्रस्थापित कवीच्या बाबतीत ‘शैली’, ‘प्रयोग’, ‘घडण’ हे शब्द सहज वापरणारी समीक्षा दलित कवीकडे वळताच ‘अस्सलपणा’ हा एकच शब्द उच्चारते, तेव्हा एकाला निर्मात्याचे आणि दुसऱ्याला साक्षीदाराचे स्थान दिले जाते. ही विभागणी वर्णव्यवस्थेला परिचित अशीच आहे : विद्या एकाची, वेदना दुसऱ्याची. तुकारामांच्या बाबतीत स्वप्न आणि दुष्काळ यांना जे काम दिले गेले, तेच येथे अस्सलपणाला दिले गेले.

वाचकाच्या बाजूनेही काही सांगावयाचे उरते. अभिनवगुप्ताने सहृदयाचे जे लक्षण केले, त्यात काव्यानुशीलनाच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे म्हटले आहे. ‘सहृदय’ हा शब्द मराठीत हळव्या, मायाळू माणसाला लावला जातो. त्यातील अभ्यासाची अट गळून पडली आहे. कवीच्या अभ्यासाला न ओळखणारी समीक्षा बहुधा स्वतःच्या अभ्यासातही उणी असते. ध्रुपद कधी धरले नाही त्याला ध्रुपद धरण्याची एका चौकातली नोंद ही भक्तीची शोभा वाटणार, आणि स्वप्न हीच खरी घटना वाटणार.

आत्मकथनाच्या अभंगात देवळाच्या दुरुस्तीपासून शरीर कष्टविण्यापर्यंतच्या खटपटीला तुकारामांनी पाच-सहा चौक दिले आहेत. स्वप्नाला अर्धा चौक दिला आहे आणि स्फूर्तीला अर्धा. विस्ताराने सांगू लागलो तर उशीर होईल, आता पुरे, असे म्हणून ते पुढे आवरतेही घेतात. मराठी वाङ्मयेतिहासाने त्या अर्ध्या-अर्ध्या चौकांवर अध्याय लिहिले आणि उरलेल्या चौकांना एका वाक्यात गुंडाळले.